शेखाडीची घरगुती खानावळ: जेवणाला पाच तारे, सोलकढीला दोन

दिवेआगरहून श्रीवर्धनकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघालात की शेखाडीत ही खानावळ लागते. पाटी वगैरे नाही. झावळ्यांचा मांडव आणि दोरीवर सुकत घातलेले बोंबील, एवढीच खूण. आदल्या दिवशी फोन करून ठेवा. मासळी बघितल्याशिवाय मालकीणबाई किती पानं होतील ते सांगत नाहीत.

मांदेली तांदळाच्या पिठात घोळवून अशी कडक तळलेली, की काट्यासकट खाल्ली. कोलंबीचं कालवण आमसुलाचं, नारळ बेताचा. तांदळाची भाकरी चुलीवरची, पापुद्रा सुटून वाफ येत असतानाच ताटात पडते आणि तुम्ही नको म्हणेपर्यंत पडत राहते. सोलकढी मात्र पाणचट. बाथरूमची कडी लागत नाही, बाहेर कुणाला तरी उभं करावं लागतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा जाऊन फ्रीजमधल्या सुरमईबद्दल तक्रार करू नये.

आता दुसरं. गावाचं नाव वाचून पुष्कळ जण इथे थांबत नाहीत, मीही थांबत नसे. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. माझा भाऊ त्यातला. वरळीला, सेंच्युरी बाजारसमोर, बसस्टॉपवर. हरिहरेश्वर आमचं कुलदैवत, त्यामुळे या बाजूला येणं चुकत नाही, पण मी नेहमी माणगाव-म्हसळा करूनच यायचे. या खेपेला गाडी भाच्याकडे होती. त्याला भूक लागली होती आणि त्याला समुद्र हवा होता.

आम्ही कोण ते त्यानेच जेवताना सांगून टाकलं. मालकीणबाई हातातली परात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आमच्या पोरींना बघायला येतात ना, ते पण आधी तेच विचारतात. मी तेव्हा लग्न होऊन नुकती आलेली. रात्रीची चांदी उतरते, एवढंच कानावर."

त्यांनी माफी मागितली नाही, ते बरं केलं. त्यांनी कशाची मागायची? गावाला माफ करायला गावाने माझं काही केलेलं नाही. ज्यांनी कट रचला त्यांनी तर कधी मागितलीच नाही. टायगर मेमन अजून फरारी आहे, याकूबला २०१५ मध्ये नागपुरात फाशी झाली. फाशीच्या दिवशी लोकांचे फोन आले, बरं वाटलं का म्हणून. मला काहीच वाटलं नव्हतं.

माझं अडतं ते मधल्यांपाशी. जानेवारीत दिघीला पहिला माल उतरला, तेव्हा पोलिसांनी गोंडघर फाट्यावर ट्रक अडवले होते, आणि पैशाचा सौदा करून सोडले. कस्टमवालेही सामील होते. टाडा कोर्टाने शंभर जणांना दोषी धरलं, त्यात हे दोघंही आले. त्यांची बाजू घेणारे सांगतात, आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. अहो, ताडपत्री उचलून बघायचा तर त्यांना पगार होता! कट रचणाऱ्याचा द्वेष मला निदान समजतो. पैसे मोजून घेऊन ट्रकला वाट देणारा, आणि मग घरी जाऊन झोपणारा माणूस मला समजतच नाही. जो समजत नाही त्याला माफ कसं करायचं ते मला जमलेलं नाही, आणि जमवायची घाईही नाही.

भाचा म्हणतो, "आत्या, मी कधीच सोडून दिलं." वडील गेले तेव्हा तो रांगत होता. सोडायला त्याच्याकडे आठवण तरी कुठे आहे, असं तोंडावर आलं होतं. मांदेली तोंडात होती म्हणून राहिलं. चुलत्यांनी मात्र त्याला हेच ऐकवलं होतं, त्यावरून दोघांत वर्षभर अबोला होता.

थाळी साडेतीनशे, भाकरी हव्या तितक्या. यूपीआय आहे पण रेंज जाते, रोख ठेवा. उधाणाच्या भरतीला लाटा रस्त्यावर येतात, तेव्हा गाडी वरच्या अंगाला लावा.