ओपीए करून सी-१८, की थेट मिक्स्ड-मोड? अमिनो अ‍ॅसिड मोजणाऱ्यांसाठी

ओपीए म्हणजे ऑर्थो-फ्थॅलाल्डिहाइड: हे रसायन आधी सॅम्पलमधल्या अमिनो अ‍ॅसिडला चिकटवायचं, मग ती सी-१८ या साध्या, तेलकट साखळीच्या कॉलमवर वेगळी करायची. मिक्स्ड-मोड म्हणजे दोन प्रकारांनी पकडणारा कॉलम, त्यावर काहीही न चिकटवता सॅम्पल थेट मारायचं. पुण्यात अमिनो अ‍ॅसिड मोजून मागणारे मुख्यतः दोन प्रकारचे. एक हडपसर-हिंजवडीकडचे लस आणि बायोलॉजिक्सवाले. पेशी वाढवलेल्या माध्यमात ग्लुटामिन किती उरलं, हे त्यांना हवं असतं. दुसरे प्रोटीन पावडरवाले. डब्यात खरंच दुधाचं प्रथिन आहे की वरून ग्लायसिन घातलंय, एवढंच त्यांना कळायला हवं असतं. भोसरीत मी दुसऱ्या गटाची कामं जास्त केली, त्यामुळे माझं मत कुठून आलंय हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

निनहायड्रिन (अमिनो अ‍ॅसिडला रंग देणारं रसायन) वापरणाऱ्या अ‍ॅनालायझरबद्दल थोडक्यात सांगतो. मूर आणि स्टाइन यांनी १९५८ साली स्पॅकमनबरोबर जी स्वयंचलित पद्धत मांडली, तिच्यावर आजही विश्वास ठेवावा असं तिचं काम आहे. ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी ते चालू ठेवावं. पण नव्याने मांडामांड करणाऱ्याला एकाच कामासाठी अख्खं यंत्र अडकवणं सहसा परवडत नाही. हिलिक, म्हणजे पाण्याची ओढ असलेले पदार्थ धरून ठेवणारा कॉलम, तेही मी वापरलं आहे. पाण्यातलं सॅम्पल तसंच मारलं की पीक (आलेखावरचे उंचवटे) पसरतात, म्हणून प्रत्येक वेळी अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये घ्यायचं. तेवढी तयारी असेल तर तेही वाईट नाही. खरी निवड उरते ती शीर्षकातल्या दोघांत.

ओपीएचे गुण खोटे नाहीत. बोरेट बफरमध्ये मिनिटभरात अभिक्रिया होते, ३४० नॅनोमीटरला उत्तेजित करून ४५० ला फ्लुरोसन्स मोजला की पिकोमोलच्या खालचंही दिसतं. कॉलम साधा सी-१८, कोणत्याही विक्रेत्याकडे मिळणारा. मास स्पेक (रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र) नसलेल्या लॅबला याहून स्वस्त रस्ता मला माहीत नाही. प्रोलिन आणि हायड्रॉक्सीप्रोलिन दुय्यम अमाइन असल्यामुळे ओपीएला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी मागून एफमॉक हे दुसरं रसायन द्यावं लागतं आणि मधेच तरंगलांबी बदलावी लागते. सिस्टिन तर जवळजवळ अंधारातच राहतं. पण हे सगळं प्रत्येक पद्धतीत लिहिलेलं असतं, माणूस सवयीने निभावून नेतो. मर्कॅप्टोइथेनॉलचा वास कपड्यांना घरापर्यंत येतो, त्यावरही मर्कॅप्टोप्रोपिऑनिक अ‍ॅसिडचा उपाय आहे.

मला जे सोसलं नाही ते ग्लायसिनचं घड्याळ.

ओपीए चिकटून तयार झालेली संयुगं, म्हणजे डेरिव्हेटिव्ह, टिकाऊ नसतात, आणि त्यातही ग्लायसिन आणि लायसिनची सगळ्यात आधी ढासळतात. आता बघा, पावडरमध्ये भेसळ करणारा नेमकं काय घालतो? ग्लायसिन. ते स्वस्त आहे, गोड आहे आणि त्यात वजनाच्या सुमारे १८.७ टक्के नायट्रोजन आहे. साध्या प्रथिनात तो १६ च्या आसपास असतो. केल्डाल पद्धतीने नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणणाऱ्याला ते प्रथिनच वाटतं. म्हणजे ज्या एका आकड्यासाठी ग्राहक पैसे देतो, तोच आकडा ओपीएत सगळ्यात लवकर घसरतो. एकाच व्हायलमधून (सॅम्पलच्या छोट्या बाटलीतून) सकाळी मारलेलं इंजेक्शन आणि जेवणानंतर मारलेलं इंजेक्शन शेजारी ठेवलं की व्हॅलिन, फेनिलअलानिन जवळपास जिथल्या तिथे, आणि ग्लायसिनचा पीक डोळ्यांना दिसेल इतका बुटका. अशा आकड्यावर सही करताना माझा हात अडखळतो.

ऑटोसॅम्प्लरने (सॅम्पल आपोआप घेऊन मारणाऱ्या भागाने) सुईतच अभिक्रिया करून लगेच इंजेक्ट केलं तर हा दोष बराच आटोक्यात येतो, हे मान्य. ज्यांच्याकडे तसा ऑटोसॅम्प्लर आहे त्यांनी माझी तक्रार निम्मी धरावी. पण निम्मी उरतेच. अभिकर्मक स्वतः जुना होत जातो, दर थोड्या दिवसांनी नवा करावा लागतो आणि जुन्या-नव्याचे कर्व्ह जुळवत बसावं लागतं. त्यात आमच्याकडे गुरुवार हा देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार. सिक्वेन्स मधेच थांबला की हाताने अभिक्रिया करून ठेवलेल्या व्हायल फेकून पुन्हा पहिल्यापासून. डेरिव्हेटिव्ह न केलेलं सॅम्पल मात्र थंड ट्रेमध्ये निवांत बसतं, वीज आली की पुढच्या व्हायलपासून सुरू.

मिक्स्ड-मोडकडे मी वळलो ते यासाठी. कॉलमचं तत्त्व तुम्हाला ठाऊक असेलच: एकाच कणावर दोन प्रकारच्या पकडी, त्यातली एक आयन बदलणारा गट. प्रायमसेप १०० सारख्या कॉलममध्ये सी-१८ प्रकारच्या साखळीत आम्लाचा गट बसवलेला असतो. इन्ट्राडा अमिनो अ‍ॅसिडमध्ये नॉर्मल फेज आणि आयन एक्स्चेंज एकत्र चालतात. मी दुसऱ्यावर जास्त काम केलं. सुरुवात भरपूर अ‍ॅसिटोनायट्राइल आणि फॉर्मिक अ‍ॅसिडने, मग हळूहळू अमोनियम फॉर्मेट वाढवत न्यायचं. आधी ट्रिप्टोफॅन, फेनिलअलानिन, ल्युसिन वगैरे मंडळी, आणि अगदी शेवटी हिस्टिडिन, लायसिन, आर्जिनिन. आम्लयुक्त बफरमध्ये या तिघांवर दोन-दोन धन प्रभार असतात, म्हणून कॉलम त्यांना सोडायला तयार नसतो.

ही पकड मास स्पेकवाल्यांच्या फार कामाची आहे. लायसिन आणि ग्लुटामिन दोघांचाही आयन १४७ वस्तुमानावर. फरक ०.०३६ डाल्टनचा, म्हणजे साध्या ट्रिपल क्वाडला (रोजच्या वापरातल्या मास स्पेकला) तो दिसायचा नाही. तुकडे पाहावेत तर दोघेही १३० आणि ८४ देतात. मिक्स्ड-मोडमध्ये लायसिन इतकं मागे राहतं की प्रश्नच उरत नाही. ल्युसिन-आयसोल्युसिनचंही तेच: दोघे १३२, दोघांचाही मुख्य तुकडा ८६, त्यामुळे वेगळं करण्याचं काम कॉलमलाच करावं लागतं. पाषाणला एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी ज्यांना हाय-रेझोल्यूशन यंत्र हाताशी आहे, त्यांची लायसिनची अडचण यंत्रच सोडवेल. ल्युसिनची नाही, तिथे वस्तुमान अगदी एकच आहे.

पावडरच्या कामात आणखी एक फायदा हाती लागला. भेसळीत क्रिएटिनही असतं, आणि त्याच्यावर ओपीएला पकडता येईल असा प्राथमिक अमाइनच नाही. म्हणजे ओपीएच्या क्रोमॅटोग्रामवर ते गैरहजर. मिक्स्ड-मोड आणि मास स्पेकवर ग्लायसिन, टॉरिन, क्रिएटिन तिन्ही एकाच धावेत दिसतात. फक्त क्रिएटिनही १३२ वरच येतं, ल्युसिनच्या खिडकीत, त्यामुळे ट्रान्झिशन (मूळ आयन आणि त्याचा तुकडा यांची मोजायची जोडी) जपून निवडा.

आता मिक्स्ड-मोडचे लाड, कारण ते आहेतच. रिटेन्शन, म्हणजे कॉलम पदार्थ किती वेळ धरतो ते, मिठाच्या तीव्रतेवर टांगलेलं असतं, आणि अमोनियम फॉर्मेट हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात बाटली उघडली की आत ओलसर ढेकळं. वजन बरोबर दिसतं पण त्यात पाणी मोजलेलं असतं, बफर पातळ होतो आणि आर्जिनिन उशिरा येऊ लागतं. मी छोट्या बाटल्या मागवतो, डेसिकेटरमध्ये ठेवतो, आणि जून ते सप्टेंबर प्रत्येक नव्या बफरनंतर आधी स्टँडर्ड मारून पाहतो. दोन धावांमध्ये सी-१८ पेक्षा जास्त वेळ कॉलम स्थिरावू द्यावा लागतो. तो वेळ चोरला की पहिले पीक भटकतात. हायड्रोलायसेट, म्हणजे आम्लात तापवून तोडलेलं प्रथिन (६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, ११० अंश, २४ तास) तसंच मारू नका, नीट वाळवून मोबाइल फेजमध्ये घ्या. आणि कल्चर मीडियावाल्यांनो, तुमच्या सॅम्पलमधलं सोडियम-पोटॅशियम त्याच आयन एक्स्चेंज गटांवर हक्क सांगतं, शिवाय मास स्पेकच्या सोर्समध्ये (जिथे आयन तयार होतात तिथे) सिग्नल दाबतं. पुरेसं पातळ करा आणि समस्थानिक-लेबल केलेले इंटर्नल स्टँडर्ड घाला. ते महाग आहेत, पण त्यांच्याशिवाय आलेले आकडे मी तरी ग्राहकाला देणार नाही.

मास स्पेक नसेल तर माझी शिफारस सौम्य होते. फॉर्मेट बफरमुळे कमी तरंगलांबीचं यूव्ही जवळपास बाद. ईएलएसडी (द्रावक उडून गेल्यावर उरलेल्या कणांनी विखुरलेला प्रकाश मोजणारा डिटेक्टर) चालतं, पण त्याचा प्रतिसाद सरळ रेषेत नसतो आणि संवेदनशीलता फ्लुरोसन्सच्या जवळपासही जात नाही. पावडरमध्ये चमचाभर ओतलेलं ग्लायसिन त्यावर खुशाल मोजा. रक्तातल्या सूक्ष्म प्रमाणासाठी तो आग्रह नको. फ्लुरोसन्स डिटेक्टर आणि सुईत अभिक्रिया करणारा ऑटोसॅम्प्लर एवढंच हाताशी असेल, सॅम्पल मोजकी असतील आणि ग्लायसिन तुमचा मुख्य प्रश्न नसेल, तर ओपीएवर राहण्यात काहीच कमीपणा नाही.

पण ट्रिपल क्वाड आधीच लॅबमध्ये असेल आणि तुम्ही अजून सकाळी उठून ओपीए कालवत असाल, तर निदान एक मिक्स्ड-मोड कॉलम मागवून बघा. विक्रेत्याकडून त्याच्या स्टँडर्डचा सुंदर क्रोमॅटोग्राम मागू नका, तो सुंदरच असतो. तुमचं सर्वांत खारट, सर्वांत घाण सॅम्पल द्या आणि त्यात ल्युसिन-आयसोल्युसिन वेगळे झालेले दाखवायला सांगा. कॉलम जुना होताना हीच जोडी आधी जवळ येते. गार्ड कॉलमही (मुख्य कॉलमच्या आधी बसणारा छोटा संरक्षक) त्याच ऑर्डरमध्ये घाला, कारण मागाहून मागवलेला यायला महिना लागू शकतो.