आयपी बदलायच्या नावाखाली १०,६२० रुपये आणि गिऱ्हाईकाचं डोमेन गेलं

नाशकात छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळतो, ९ साइट्स एकाच सर्व्हरवर. आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, बदलणार असं होस्टिंग कंपनीनं दोन महिन्यांपूर्वी खरंच कळवलं होतं, त्यामुळे नव्या आयपीचा मेल आला तेव्हा शंका यायचं कारणच नव्हतं, लोगो तोच, माझा कस्टमर आयडीपण बरोबर. पाठोपाठ फोन, दादा दादा करत मराठीतच बोलत होता. रात्री १२ ला जुना आयपी बंद, साइटमागे मायग्रेशन चार्ज १,१८०, जीएसटी धरून. ९ साइट्सचे १०,६२० यूपीआयने टाकले.

मग म्हणे एका डॉट कॉमला, पैठणीवाल्या काकांच्या, अडचण येतेय, ऑथ कोड द्या. इथेच कळायला हवं होतं, इथेच! आयपी बदलायला ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कुठल्या आयपीवर जायचं ती नोंद, बदलतात, बास. ऑथ कोड लागतो डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, न्यायला. दहा वर्षं हेच काम करतोय मी. पण रात्रीचे साडेअकरा, सकाळी त्या पैठणीवाल्या काकांचा सेल सुरू होणार, साइट बंद पडली तर त्यांना तोंड काय दाखवू... मी स्वतः डोमेनचा ट्रान्सफर लॉक काढला, कोड वाचून दाखवला आणि अप्रूव्हलच्या मेलवर क्लिकही केलं.

सकाळी साइटच्या जागी कोरं पान. दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज, डोमेन परत हवं तर २५,०००. दिले नाहीत, तुम्हीही देऊ नका.

पोलीस ठाण्यात म्हणे सायबरला जा, सायबरवाले म्हणे आधी ठाण्यात अर्ज द्या. साहेब विचारतात, चोरीला गेलेली वस्तू नेमकी कुठली? अहो, सहा वर्षांची रिन्यूअलची बिलं टेबलावर ठेवली होती मी, एकदा हातात तरी घ्यायची! रजिस्ट्रार म्हणतो अप्रूव्ह तुम्हीच केलंय. होस्टिंगवाल्यांनी 'मेल आमचा नाही' एवढं लिहून तिकीट बंद केलं, मग माझा कस्टमर आयडी बाहेर गेला कसा, त्याचं उत्तर कोण देणार? तीन आठवडे, चार चकरा, एफआयआर नाही.

मेलमधल्या नंबरवर बोलूच नका, स्वतः लॉगिन करून तिकीट टाका. दिलेला आयपी कुणाच्या नावावर आहे ते हूइजमध्ये बघा, मी नंतर बघितला तर भलत्याच कंपनीचा निघाला. ट्रान्सफर लॉक कुणाच्याही सांगण्यावरून काढू नका. आणि पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावा, मी लाजेपायी दुपारपर्यंत गप्प बसलो, तोवर पैसे त्या खात्यातून पुढे गेले होते.

काकांना माझ्या खर्चानं डॉट इन घेऊन दिलंय. दुकानातल्या पिशव्यांवर अजून जुनाच पत्ता छापलेला आहे.