चित्र आणि इंटिरियर एकाच हाताखाली: जळगावातल्या एका हॉलचं परीक्षण

जळगावात इंटिरियर करून देणारे खूप आहेत आणि भिंतीवर म्युरल करून देणारेही आता बरेच झालेत. दोन्ही कामं स्वतः करणारा माणूस मात्र शोधावा लागतो. अशाच एका कलाकार-डिझायनरने केलेल्या हॉलचं हे परीक्षण. खोली १२ बाय १८ फूट, पश्चिमेच्या भिंतीवर ८ बाय ४ फुटांचं मिक्स्ड मीडिया (पोत, लाकूड आणि रेझिन एकत्र असलेलं) पॅनल, शिवाय सोफा, लाइट, फॉल्स सीलिंग आणि दाराजवळचं चपलांचं कपाट. मांडणी आणि प्रकाश फर्स्ट क्लास, पोताचं काम उत्तम. रेझिनचं (दोन द्रव कालवून ओतायच्या आणि काचेसारख्या घट्ट होणाऱ्या एपॉक्सीचं) काम मात्र भर मे महिन्यात काढून घोळ घातला आणि कोटेशन अगदीच मोघम दिलं.

आधी लाइटबद्दल, कारण दोन्ही कामं एका माणसाकडे देण्याचा खरा फायदा तिथेच आहे. एरवी इलेक्ट्रिशियन खोलीच्या मधोमध चार डाऊनलाइट लावून मोकळा होतो, म्युरलवाला सहा महिन्यांनी येतो आणि दीड सेंटिमीटर उठावाचं काम समोरून पडलेल्या उजेडात सपाट दिसतं. इथे भिंत फोडायच्या आधीच पॅनलचा उठाव ठरला होता. म्हणून भिंतीपासून जेमतेम ७ इंचांवर, सीलिंगच्या खाचेत ३००० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची एलईडी पट्टी टाकली. प्रकाश वरून घासत खाली येतो आणि प्रत्येक भेगेला सावली मिळते. एलईडी घेताना सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९० च्या वरचा मागितला, हेही बरोबर. स्वस्त पट्टीत लाकडाचा तांबूस रंग मेल्यासारखा दिसतो. या प्रकाशाची एक खोड आहे: पुट्टी नीट घासलेली नसेल तर पॅनलच्या आजूबाजूची भिंतही लाटा मारल्यासारखी दिसते. इथे ती दोन फुटांच्या पट्ट्यात परत घासून घेतली, त्याचे पैसे वेगळे लावले नाहीत.

पॅनलची उंचीही विचार करून ठरवली आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ ते ६० इंचांवर ठेवा, हा नियम सगळीकडे सांगितला जातो. पण ४ फूट उंचीचं पॅनल तसं लावलं की खालची कड ३४ इंचांवर येते, म्हणजे सोफ्याच्या पाठीला टेकते, आणि वर्षभरात पाहुण्यांच्या डोक्याच्या तेलाचा पट्टा तिथे उमटतो. इथे मध्य ६६ इंचांवर घेतला. खालची कड ४२ वर, सोफ्याची पाठ ३३ वर, मध्ये ९ इंच मोकळे.

आता पॅनल. पाठीमागे १२ मिमीचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तोंड देणारा) प्लाय आहे. साध्या एमआर (थोडीफारच ओल सोसणाऱ्या) प्लायवर भागवलं नाही याचं कारण आपल्याकडचा कूलर. खानदेशात मार्चपासून जूनपर्यंत हॉलमध्ये कूलर चालतो, हवेत सतत ओल असते आणि एमआरच्या कडा फुगायला लागतात. पॅनल भिंतीला चिकटवलेलं नाही. झेड क्लीटवर (एकमेकांत अडकणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्यांवर) टांगलंय आणि मागे १० ते १२ मिमी हवा खेळती ठेवली आहे. नुसती शीट २० ते २५ किलोची, त्यावर पेस्ट, लाकूड आणि रेझिन, त्यामुळे क्लीट पूर्ण रुंदीची घेतली. एकेकट्या खिळ्यावर असलं वजन टांगणारे पाहिले की धडकी भरते.

पोतासाठी विषय घेतलाय काळ्या जमिनीचा, उन्हाळ्यात भेगाळलेल्या. भेगा पाडायची रीत नीट समजून केलेली दिसते. पहिला थर १ ते २ मिमीचा, गोंद जास्त असलेला: मार्बल पावडर आणि चायना क्ले मिळून ३ भाग, पीव्हीए (सुतारकामाचा पांढरा) गोंद १ भाग. तो पूर्ण वाळल्यावर वर ५ ते ६ मिमीचा जाड थर, त्यात गोंद निम्मा आणि पाणी जास्त. वरचा थर आकसतो, खालचा धरून ठेवतो, म्हणून भेगा पडतात पण ढलप्या सुटत नाहीत. खालच्या थरात केळीच्या सोपटाचा धागा १०-१५ मिमीचे तुकडे करून मिसळलाय. इथून साठेक किलोमीटरवरच्या अजिंठ्यात चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू सापडतात, ते याच कामासाठी. वर उघडा दिसणारा धागा मात्र बोरॅक्सच्या पाण्यातून काढून वाळवायला हवा, नाहीतर कसर लागते. तो काढला होता का, विचारल्यावर उत्तर आलं ते गोलमाल.

जुन्या वाड्याच्या सागाच्या पट्ट्या सुंदर आहेत. त्या मागून स्क्रूने धरल्या आहेत आणि दोन पट्ट्यांमध्ये २ मिमीची फट सोडली आहे, म्हणजे लाकडाला हलायला जागा आहे. स्क्रू पितळी आहेत, हेही महत्त्वाचं. ओल्या पेस्टखाली लोखंडी खिळा राहिला की काही महिन्यांत तपकिरी डाग वर येतो, मग कितीही रंग मारा.

रेझिनचा निळा पट्टा म्हणजे तापी नदी. निळी तापी आता जरा जास्तच झाली आहे, पण ती आवडीची बाब. प्रश्न कामाचा आहे. ८ फूट बाय १० इंच, ३ मिमी जाडी. एका चौरस फुटाला एक मिमीसाठी साधारण १०० ग्रॅम धरले तर २ किलो माल लागतो. तो सगळा एकाच बादलीत, दुपारी, पारा ४४ वर असताना कालवला. एपॉक्सीचा कामाचा वेळ दर १० अंशांना जवळपास निम्मा होतो, आणि खोल बादलीत त्याची स्वतःची उष्णता कोंडते. व्हायचं तेच झालं: अर्धा माल ओतेपर्यंत उरलेला घट्ट झाला, पट्ट्यावर सुरकुत्या आणि बुडबुडे. सागाच्या कडांना आधी पातळ सील कोट दिला नव्हता, त्यामुळे लाकडातली हवाही वर आली.

दुरुस्ती करून दिली, आणि ती योग्य रीतीने. १२० नंतर २२० नंबरच्या पेपरने घासलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं आणि पहाटे अर्धा-अर्धा किलोचे घाणे पसरट ट्रेमध्ये कालवून दीड मिमीचा नवा थर ओतला. आता चकाकी एकसारखी आहे. तरी एक धोका उरतो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर रेझिन पिवळं पडणारच. यूव्ही-प्रतिरोधक लिहिलेल्या मालातही ते फक्त उशिरा होतं. पडदा लावा.

चित्रकलेतून इंटिरियरकडे आलेला माणूस कुठे कमी पडतो, ते चपलांच्या कपाटात दिसतं. कपाटाची आतली खोली १० इंच. पुरुषाची चप्पल ११-१२ इंचांची, म्हणजे सगळे जोड तिरके ठेवायचे. १४ इंच हवी होती. दिसायला कपाट देखणं आहे, त्यात वाद नाही.

कोटेशनमध्ये 'म्युरल लमसम' एवढीच ओळ होती. प्लायची प्रत, रेझिन किती किलो, घासून पुन्हा ओतावं लागलं तर खर्च कुणाचा, हे तीन मुद्दे लेखी घ्या. डिझाइन फीवर १८ टक्के जीएसटी धरलाय की नाही, तेही विचारा. एक फुटाचा नमुना आधी मागा आणि तो आठवडाभर कूलरसमोर ठेवा. आर्किटेक्ट हे नाव १९७२ च्या कायद्याने राखीव आहे, इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला कुठलीच नोंदणी लागत नाही. म्हणून मोबाइलवरचे फोटो पाहून ठरवू नका, दोन-तीन उन्हाळे खाल्लेलं एखादं काम प्रत्यक्ष दाखवायला सांगा.

पुढे घर बदललं किंवा भिंत पाडायची वेळ आली तर पॅनल फोडू नका. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं म्युरल काढून टाकल्याच्या प्रकरणात ते घडवणारे शिल्पकार अमरनाथ सहगल यांच्या बाजूने दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला होता. कलाकाराचा नैतिक हक्क, म्हणजे काम मोडू-बिघडू नये असं म्हणण्याचा हक्क, काम विकल्यावरही उरतो. इथे क्लीटवरून उचलून ठेवता येतं, हा त्या टांगणीचा आणखी एक फायदा.

निगेचा कागद मिळाला नाही, म्हणून इथेच: मऊ ब्रशने महिन्यातून एकदा धूळ झाडा, भेगांवर ओलं फडकं फिरवू नका, कूलरचं तोंड पॅनलकडे नको. काम द्यायचंच तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत द्या. पावसाळ्यात रेझिनवर चिकट पांढुरका थर धरतो, उन्हाळ्यात वर लिहिलंय ते होतं. दिवाळीला तयार हवं असेल तर आदल्या हिवाळ्यातच पॅनल करून घ्या आणि बाकीचं सुतारकाम मागून करा, तसं करायला या स्टुडिओची हरकत नव्हती.