डेमॉन्स्ट्रेटर व्हावं की संशोधन गटात शिरावं?

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे हा पेच कधी ना कधी येतोच. खालच्या वर्गाच्या प्रॅक्टिकलला डेमॉन्स्ट्रेटर म्हणून, म्हणजे प्रयोग शिकवायला आणि तपासायला, उभं राहायचं, की एखाद्या गाइडकडे छोटा प्रकल्प घ्यायचा? प्रमाणपत्र दोन्हीकडे मिळतं, शिफारसपत्राची सोयही होते. ते इथे उगाळत नाही. 'दोन्ही करू' असं मीही ठरवलं होतं, एका सत्रात ते झेपलं नाही. आधी वर्षभर डेमॉन्स्ट्रेटर होतो, मग दीड वर्ष सेंद्रिय संश्लेषणाच्या गटात. तेव्हा हा एकाच माणसाचा अनुभव आहे, हे धरून वाचा.

प्रॅक्टिकल शिकवण्याला 'पाट्या टाकणं' म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. आम्लात थेंबथेंब अल्क सोडायचं आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग आला की थांबायचं, हे मी कैक वर्षं करत आलो होतो. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, "सर, रंग आला होता, पण रीडिंग लिहीपर्यंत गेला. आता कुठलं धरू?" मी क्षणभर गप्पच. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात विरघळतो, सामू खाली येतो आणि रंग उडतो, हे मला पाठ होतं. पण समोर ब्युरेट (द्रावण थेंबथेंब सोडायची मोजनळी) धरून उभ्या असलेल्या पोराला ते दोन वाक्यांत सांगायची वेळ कधी आलीच नव्हती. त्या वर्षात माझं विश्लेषणात्मक रसायनशास्त्र जितकं पक्कं झालं, तितकं परीक्षेच्या अभ्यासाने झालं नव्हतं. मेंडेलीव्हची 1869 ची आवर्त सारणीसुद्धा, विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिताना मूलद्रव्यं कुठल्या क्रमाने मांडावीत, या अडचणीतूनच आकाराला आली. शिकवता शिकवता विषय उमगतो, तो असा.

शिवाय प्रॅक्टिकल तीन तासांचं. संपलं की हात धुवायचे आणि निघायचं.

मग मी ते सोडलं का? एका रीडिंगपायी.

ब्युरेटमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल, पिपेटने 10 मिलि सोडियम हायड्रॉक्साइड, फिनॉल्फ्थॅलिन. या वेळी गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल सोडायचं. उत्तराच्या तक्त्यात 10.0. जर्नलं तपासायला घेतली तर जवळपास सगळ्यांची तिन्ही रीडिंगं 10.0, 10.0, 10.0. ब्युरेट इतकी आज्ञाधारक नसते हे कुणालाही कळेल, पण मागच्या वर्षीची जर्नलं सगळ्यांकडे पोचलेली असतात. एकाच मुलीचं होतं 9.6, 9.7, 9.6. तक्त्यापासून जितकं दूर तितके गुण कमी, असा नियम. मी नियमाप्रमाणे तिचे गुण कापले आणि पुढचं जर्नल उघडलं.

पण 9.6 डोक्यातून जाईना. बॅच गेल्यावर त्याच बाटलीतलं द्रावण घेऊन मी स्वतः टायट्रेशन, म्हणजे तीच मोजणी, केलं. फिनॉल्फ्थॅलिनने 9.6. मिथाइल ऑरेंज या दुसऱ्या दर्शकाने 10.0. बाटलीचं बूच सैल होतं आणि द्रावण बरेच दिवस तसंच पडून होतं. हायड्रॉक्साइडने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला होता आणि त्याचं काही प्रमाणात कार्बोनेट झालं होतं. फिनॉल्फ्थॅलिनचा एंड पॉइंट, म्हणजे रंग बदलायची जागा, कार्बोनेटचं बायकार्बोनेट होतं तिथेच येतो, म्हणजे त्या कार्बोनेटपैकी निम्माच अल्क मोजला जातो. मिथाइल ऑरेंज शेवटपर्यंत मोजतो. म्हणजे अख्ख्या बॅचमध्ये बाटलीत काय आहे ते त्या एकटीनेच लिहिलं होतं.

मी प्रॅक्टिकलच्या प्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, "द्रावण नवीन करून ठेवा. गुण आता राहू द्या, यादी वर गेली." त्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. बॅचेस अनेक, तपासणारे आम्ही नवखे, मग मोजपट्टी एकच ठेवावी लागते. पण पुढे प्रत्येक जर्नल उघडताना मला ती आठवायची, आणि पुढच्या प्रयोगात तिचीही रीडिंगं तक्त्याशी तंतोतंत जुळू लागली तेव्हा फारच टोचलं. उत्तर आधीच ठरलेल्या ठिकाणी खरं रीडिंग अडचणीचं ठरतं. तुम्हाला ही गोष्ट सहन होत असेल, किंवा तुमच्या विभागात गुण रीडिंगऐवजी कारणमीमांसेला देत असतील, तर माझी तक्रार तुमच्यापुरती निकालात निघते.

संशोधन गटाकडे वळण्याआधी तिथली रडगाणीही सांगून टाकतो, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं वाटेल. पहिले दोन महिने मी मुख्यतः काचसामान धुतलं, पदार्थ शुद्ध करायचे कॉलम भरले आणि रोटाव्हॅपचा (द्रावक उडवायच्या यंत्राचा) ट्रॅप रिकामा केला. दोन तासांच्या मध्ये एक तास मोकळा आहे म्हणून लॅबमध्ये डोकावावं, तर तासाभरात होण्यासारखं तिथे काहीच नसतं. रिॲक्शन लावली की ती तुमचं वेळापत्रक विचारत नाही. एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायचं यंत्र, त्याच्या रांगेत तुम्ही सगळ्यांत शेवटी. प्रोटॉनचा स्पेक्ट्रम काही मिनिटांत होतो म्हणून तो कुणीतरी मध्येच घुसवून देतं. कार्बनचं तसं नाही. यंत्राला दिसतो तो फक्त कार्बन-13, आणि तो निसर्गातल्या कार्बनमध्ये जेमतेम 1.1 टक्का, त्यामुळे नमुना थोडा असेल तर यंत्र रात्रभर अडकतं आणि ती रात्र पीएचडीवाल्यांच्या वाट्याला जाते. वर पास होऊन गेलेल्या सीनियरची नोटबुक वारशाने मिळते, तिच्यात लिहिलेलं असतं, 'नेहमीप्रमाणे शुद्ध केले.' त्यांचं नेहमीचं काय होतं, ते शोधण्यात माझे तीन आठवडे गेले.

आणि धोका. प्रॅक्टिकलची रसायनं निवडलेलीच अशी असतात की चूक झाली तरी बहुधा निभावतं. संशोधनात तसं नसतं. 2008 च्या डिसेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या लॅबमध्ये टर्शरी ब्युटिल लिथियम सिरिंजने काढताना 23 वर्षांची संशोधन साहाय्यक भाजली आणि काही दिवसांनी दगावली. तिच्या अंगात लॅब कोट नव्हता. हवेत आपोआप पेट घेणारं रसायन पहिल्यांदा हाताळताना अनुभवी माणूस शेजारी उभा राहणार नसेल, तर त्या गटात जाऊ नका. इथे मी कसलीही सूट देत नाही.

एवढं सगळं असूनही माझा तराजू कुठे झुकला, ते एका फजितीवरून सांगतो. चौथ्या महिन्यात माझ्या प्रोटॉनच्या स्पेक्ट्रममध्ये 1.26 आणि 0.86 पीपीएमला (एनएमआरच्या पट्टीवरच्या जागा) दोन अनपेक्षित शिखरं दिसली. मी हरखलो, काहीतरी नवीन हाती लागलं म्हणून दोन दिवस रचना काढत बसलो. सीनियरने एकदाच पाहिलं आणि हसली. "अरे, ग्रीस आहे. काचेच्या जॉइंटला लावतोस ते. तारीख घाल आणि लिही नोटबुकमध्ये." मी लिहिलं. गाइडनी महिनाअखेरीला ते पान वाचलं, सही केली आणि पुढच्या वेळी जॉइंटला ग्रीस कमी लावायला सांगितलं. कुणी गुण कापले नाहीत, कारण कापायला तक्ताच नव्हता. त्याच वेळी मला ते 9.6 आठवलं.

अठरा वर्षांचा विल्यम पर्किन 1856 मध्ये क्विनीन बनवायला गेला आणि त्याच्या हाती लागला तो काळपट गाळ. पुढे त्यातूनच जांभळा रंग निघाला, हे तुम्ही वाचलं असेलच. आपल्या गाळातून बहुतेक वेळा काहीच निघत नाही. माझ्या दीड वर्षात एक बरा रेणू झाला, तोही जेवढा मिळायला हवा त्याच्या 31 टक्केच. पण गाळ आला तर 'गाळ आला' असं लिहिण्याची मुभा मला तिथेच मिळाली.

तरीही, पुढे अध्यापनात जायचं असेल, किंवा हात अजून कच्चा असेल, तर आधी एक सत्र डेमॉन्स्ट्रेटर व्हा. मी तसं केलं नसतं तर संशोधन गटात पहिल्याच आठवड्यात लाज गेली असती. फक्त वर्षभर तिथेच रमू नका, असं मला वाटतं. एकच संधी मिळणार असेल तर मात्र मी संशोधन गटाच्या बाजूचा.

होकार देण्याआधी दोन्हीकडे एकेक गोष्ट विचारून बघा. प्रॅक्टिकलच्या प्रमुखांना विचारा, की तक्त्यात 10.0 असताना मुलाचं खरोखर 9.6 आलं, तर किती गुण द्यायचे. आणि संशोधन गटात गाइडना भेटण्याआधी एखाद्या सीनियरला गाठून तिची नोटबुक चाळायला मागा. फसलेल्या रिॲक्शनची पानं तिच्यात आहेत का, आणि त्यांच्याखालीही सही आहे का, तेवढं बघा.