वंशावळीचं ॲप, वर्षभर वापरून

ॲपचं नाव लिहीत नाही. लिहिलं की एक तर जाहिरात वाटते, नाहीतर बदनामी, आणि या प्रकारातली बरीचशी ॲपं आतून सारखीच असतात. माणसाचा एक चौकोन, वर आईबापाचे दोन, खाली पोरांचे. आमचं वर्गणीचं आहे, मराठी टाइप करता येतं, फोन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतं.

आम्ही खानापूर तालुक्यातले, विट्याच्या बाजूचे. २०२३ नंतर कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तशा घरोघर वंशावळी निघाल्या, आमचीही निघाली. फुलस्केपवर, खापरपणज्यापासून खाली, सगळे पुरुष. जातीच्या दाखल्याला तेवढी पुरते. ती नीट जपून ठेवावी एवढ्यासाठीच ॲप घेतलं.

तर ते प्रत्येक नावाशेजारी 'आई' असा रिकामा चौकोन दाखवतं आणि भरेपर्यंत माहिती अपुरी म्हणून आठवण करत राहतं. सुरुवातीला वैताग आला. चुलत्यांना विचारलं, "आज्याची आई कुठली?" तर म्हणाले, "असंल खालतीकडची कुठली तरी. जमिनीचं काय निघालंय का?" भावकीत वंशावळ काढायला घेतली की पहिला संशय तोच.

बायकांची नावं शेवटी फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदीत सापडली. सातबारा बघून उपयोग नाही, त्यावर आजची स्थिती असते. खातेदार मयत झाला की वारसाचा फेरफार पडतो. १९५६ चा हिंदू वारसा कायदा आल्यावर त्यात मुलगेच नाही, मुलीही वारस म्हणून लागू लागल्या. 'मुलगी सौ. अमुक, रा. मायणी', म्हणजे सासरचं गाव आयतंच मिळतं. पुढच्या एकदोन फेरफारांत त्याच बहिणींनी भावांच्या लाभात हक्कसोड केलेली असते. आमच्या घरातल्या तीन आत्यांची नावं आम्हाला त्या हक्कसोडीमुळेच कळली. जमीन गेली आणि नाव तेवढं मागं राहिलं, यावर घरातल्या बायका काय बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याआधीच्या कागदांत एखादी विधवा 'गंगू कोम ज्ञानू', म्हणजे ज्ञानूची बायको गंगू, एवढीच भेटते, माहेराचा पत्ता नाही. जुने फेरफार बऱ्याच ठिकाणी स्कॅन झालेत. नसतील तिथं तहसीलच्या रेकॉर्ड रूमला अर्ज करायचा आणि मोडी लिपीत असेल तर वाचणारा गाठायचा, जो सध्या कामात बुडालेला असतो.

आईचे चौकोन भरत आले आणि मग नकाशाचा भाग उघडला. या ॲपमधलं मला सगळ्यांत आवडलेलं हेच. माणूस कुठं जन्मला, कुठं राहिला, कुठं वारला हे भरलं की गावागावांमधून रेषा ओढल्या जातात. आमच्या भागाला हे लागूच आहे, कारण खानापूर-आटपाडीकडचं निम्मं घर गलाईत. सोनारपेठेत दुकान टाकायचं, मोडीचं सोनं-चांदी मुशीत आटवायचं, तेजाबानं शुद्ध करून द्यायचं. रान कोरडवाहू, त्यात ७२ चा दुष्काळ, मग पोरगं दहावी झालं न झालं की बाहेर. आमच्यातले कोइमतूरला, कोचीला, हैदराबादला आहेत. धाकटे आजोबा कोइमतूरलाच का गेले, याला घरात 'नशीब' हेच उत्तर होतं. नकाशात दिसलं की त्यांच्या आईचा भाऊ, मायणीचा, तिथं आधीच भट्टी लावून बसला होता. पुढं आजोबांनी नेला तो बहिणीचा पोरगा, त्यानं नेला त्याच्या बहिणीचा. फुलस्केपवर ही माणसं एकमेकांची कुणीच नाहीत, चौघांची आडनावं चार. आईकडून जोडल्यावर मामा-भाचा, मामा-भाचा अशी सरळ साखळी लागते. बापाच्या बाजूनं मिळाली जमीन, आईच्या बाजूनं धंदा. निदान आमच्या घरात तरी.

सुगीनंतर हेळवी आले तेव्हा त्यांच्यासमोर झाड उघडून ठेवलं. ज्यांच्याकडं हेळवी येत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: सांगली-कोल्हापूर आणि पलीकडं कर्नाटकात पिढ्यान् पिढ्या घराण्यांची वंशावळ सांभाळणारे हे लोक. चोपडीतून कुळाचं मूळ गाव, भाऊ कुठं फुटले, कुलदैवत कोणतं हे सांगतात आणि धान्य, पैसे घेऊन नवी नावं चढवतात. आमचं मूळ त्यांनी माण तालुक्यात नेलं. चैत्रात आम्ही त्याच तालुक्यातल्या शिखर शिंगणापूरला का जातो ते मग कळलं. त्यांचं सांगणं रेकॉर्ड करून मूळ पुरुषाच्या नावाला जोडलंय, ती सोय झकास आहे. लेकींचं विचारल्यावर मात्र म्हणाले, "लेकी ज्या घरी दिल्या त्या घरच्या चोपडीत बघा." तिथंही नसतात, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं.

आता तक्रारी. आपल्याकडं नातवाला आज्याचं नाव. ज्ञानूचा तुकाराम, तुकारामाचा ज्ञानू, त्याचा परत तुकाराम. ॲपला हे सगळे एकच वाटतात आणि 'दोन नोंदी एकत्र करू का?' हे विचारणं थांबत नाही. चुकून 'हो' दाबलं तर आजा स्वतःचाच नातू होईल. शके समजत नाही. ७८ मिळवून इसवी सन काढावं, तर पौषाचा जन्म डिसेंबरात की जानेवारीत यावर ७८ की ७९ ठरतं, आणि ॲपला नेमकी तारीखच हवी. 'सुमारे' लिहिता येतं, पण तो पर्याय खोल कुठंतरी दडवलाय. तरी सालं भरली म्हणून एक गोष्ट हाती लागली. एकाच वाड्यातले तीन मृत्यू १९१८ चे निघाले. मानमोडीचं, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचं साल.

जिल्ह्याचा घोळ ॲपचा म्हणता येत नाही. आमचं गाव १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात, मग दक्षिण सातारा, १९६० पासून सांगली. शेजारचं आटपाडी तर औंध संस्थानात होतं. एकाच खोलीत जन्मलेल्या आजा, बाप आणि मुलाचे जिल्हे तीन, आणि नकाशावर तिघं स्थलांतरित. गाव एकच ठेवून जिल्ह्याला कालावधी लावायचा, हा उपाय मदतीच्या पानांत आहे. तो सुरुवातीलाच करा, नंतर शंभर नोंदी दुरुस्त करण्यात रविवार जातात.

दत्तक, दुसरी बायको, अंगावर पितं गेलेलं मूल, हे सगळं नीट बसतं. प्रिंट वाईट. जोडाक्षरं फुटतात, 'ज्ञानू' वाचता येत नाही. भावकीला मोठा कागद छापून द्यायचा असेल तर फाईल बाहेर काढून डीटीपीवाल्याकडून करून घ्या. जिवंत माणसांच्या जन्मतारखा लपवायचं बटण आधी दाबा, मगच लिंक ग्रुपवर टाका.

वर्गणी परत भरली. नव्यानं घेणार असाल तर मोफत मर्यादेत आधी आजोळची बाजू भरून बघा. वेगळ्या आडनावाची माणसं जोडताना ॲप अडखळलं तर पैसे घालू नका, पुरुषांच्या यादीला फुलस्केप पुरतो.