साताऱ्यातला इतिहासाचा अभ्यासवर्ग, आवड असेल तर नक्की जा

शाहूपुरीत एक रिटायर्ड प्राध्यापक घराच्या वरच्या हॉलमध्ये वीकेंडला संध्याकाळी इतिहासाचा वर्ग घेतात, फी ४०० रुपये, त्यात झेरॉक्स आणि चहा आला. ह्या वेळचा विषय होता रशियातलं अस्त्राखान, १७०५ सालचं बंड आणि नंतरची सरकारी चौकशी. साताऱ्यात हा विषय कोण ऐकणार असं वाटेल, पण हॉल भरला होता आणि चटई टाकून मागं बसलेली लोकंपण शेवटपर्यंत हलली नाहीत.

अस्त्राखान म्हणजे व्होल्गा नदी कॅस्पियन समुद्राला मिळते तिथलं बंदर. मुलतानी, मारवाडी व्यापाऱ्यांची तिथं स्वतःची वखार होती, हे मला पहिल्यांदाच कळलं. पीटर झारनं दाढीवर कर लावलेला, वर परदेशी पद्धतीचे कपडे घालायची सक्ती. सुभेदार रझेव्स्कीची माणसं रस्त्यात लोकांना पकडून दाढ्या कापायची, अंगावरचे कपडे अब्रू जाईल असे कातरायची, मीठ, आंघोळघर सगळ्यावर कर. अशा तापलेल्या गावात आवई उठली की सात वर्षं लग्नं बंद होणार आणि पोरी जर्मन लोकांना द्यायच्या आहेत. झालं, २९ जुलैला एका दिवसात शंभरेक लग्नं उरकली आणि त्याच रात्री वऱ्हाडाच्या गर्दीतनं बंड पेटलं, पुढं सुभेदारालाही मारलं. अजून एक आवई होती की अधिकारी लाकडी मूर्ती पुजतात, त्या मूर्ती म्हणजे केसांचे टोप ठेवायची लाकडी मुंडकी निघाली! आणि खरा झार परदेशातच राहिला, हा बदललेलाय, असंही लोक बोलत होते.

सरांची खरी कमाल पुढं आहे. मार्च १७०६ ला फील्डमार्शल शेरेमेतेवनं शहर घेतलं, आधी माफीची भाषा झाली होती तरी माणसं मॉस्कोला नेली. तिथं झारच्या राजद्रोह-चौकशी खात्याचा प्रमुख रोमोदानोव्स्की, त्याच्या कचेरीत हात मागं बांधून टांगायचं, चाबकानं फोडायचं आणि मग जबाब लिहायचा. मृत्युदंड आणि छळात मिळून तीनशेहून जास्त माणसं गेली. सरांनी प्रत्येकाला कागद दिला, त्यावर वरच्या सगळ्या आवया लिहिलेल्या आणि समोर तीन रकाने, कोण बोलला, कुणापुढं बोलला, बोलताना अंगावर काय चाललं होतं. तिसरा रकाना भरताना माझा हात थांबला राव. आमच्यात एक रिटायर्ड हवालदार काका होते, ते म्हणाले दहा जबाब एकाच भाषेत असतील तर ती भाषा लिहिणाऱ्या कारकुनाची समजायची. त्यावर पाऊण तास चर्चा झाली, कारण मग अधिकाऱ्यांना पहिल्यापासून कट हवा होता का आणि तो कागदावर आपोआप तयार झाला का, हा प्रश्न आला. सरांचं म्हणणं असं की आवई खोटी होती पण राग खरा होता, आणि चौकशी करणाऱ्यांनी आवई कुणी उठवली ह्याच्यावरच जोर दिला. मला हे शंभर टक्के पटलं. व्हॉट्सअॅपवर रोज फॉरवर्ड वाचणाऱ्या प्रत्येकानं हा कागद एकदा तरी भरून बघावा.

आता कमी काय ते. प्रोजेक्टर संध्याकाळच्या उजेडात फिका दिसतो, नकाशातली नदी कुठली आणि समुद्र कुठला तेच कळेना, पडदे लावायला पाहिजेत. वर्ग वेळेत संपत नाही, कोरेगाव-वाईकडनं येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीचा अंदाज घेऊन यावं. जिना उभा आहे, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो. चहा चांगला असतो.

दहावीच्या पुढच्या मुलांना बिनधास्त न्या, लहान पोरांना नको, छळाचं वर्णन सर टाळत नाहीत आणि टाळूही नये.

सरांना एक विनंती आहे, पुढच्या बॅचला १८५७ ची आपल्या साताऱ्याची चौकशी घ्या. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी उठावाच्या कटात होते, ते इंग्रजांना सापडले नाहीत, पण त्यांच्या मुलाला, सीतारामला आणि बाकीच्यांना मृत्युदंड झाला, गेंडामाळावर स्मारक आहे ते आम्ही येता-जाता बघतो. त्या जबाबांवरही हेच तीन रकाने आखून द्या, फी डबल केली तरी मी पहिला नाव देतो.