एचएसपी-६० ची अँटिबॉडी : माल चोख, पाठवणी ढिसाळ

पेशीद्रवात तयार होऊन मायटोकाँड्रियात शिरणाऱ्या प्रथिनांना एचएसपी-१० या जोडीदार प्रथिनाच्या साथीने योग्य घडी घालून देणारे एचएसपी-६० हे सुमारे ६० किलोडाल्टनचे (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) प्रथिन ओळखण्यासाठी आमच्या सांगलीतील महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने सशामध्ये तयार केलेली पॉलिक्लोनल (मिश्र) अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते ओळखणारे प्रथिन, घेतली. सशाचीच घेण्याला कारण होते. आमचे नमुने उंदराच्या यकृताचे असतात. त्यांवर उंदराचीच अँटिबॉडी लावली, तर दुय्यम अँटिबॉडी (पहिलीला चिकटून ती दिसती करणारी) ऊतीतल्या मूळच्या इम्युनोग्लोब्युलिनलाही, म्हणजे उंदराच्या स्वतःच्या अँटिबॉडीलाही, धरते आणि त्याच्या जड साखळीचा सुमारे ५० किलोडाल्टनचा बँड (पट्टा) ६० च्या इतका जवळ उमटतो की नवखा विद्यार्थी हमखास फसतो.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या पद्धतीत) हिने निराश केले नाही. माहितीपत्रकातील १:१००० या प्रमाणात पार्श्वभूमी काळवंडली. पाच टक्के दुधाच्या पावडरीत ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून रिकाम्या जागा झाकणे) करून १:५००० वर गेल्यावर मात्र ६० जवळ एकच स्वच्छ बँड मिळाला. मायटोकाँड्रियाच्या लेनमध्ये (नमुन्याच्या रांगेत) तो ठसठशीत दिसतो आणि पेशीद्रवाची लेन जवळजवळ कोरी राहते. तिथेही पुसट रेघ उमटली, की होमोजिनायझरचा (ऊती कुटण्याच्या उपकरणाचा) दांडा कुणीतरी जोर लावून फिरवला आणि मायटोकाँड्रिया फोडल्या, हे न विचारता कळते. इम्युनोफ्लुओरेसन्समध्ये (अँटिबॉडीला चमकता रंग जोडून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना) जाळीदार रचना दिसली खरी, पण केंद्रकातही धूसर चमक राहिली. तेवढ्याच कामासाठी मी ही घेणार नाही.

एक बाब माहितीपत्रकात असायलाच हवी होती. एचएसपी-६० हे जिवाणूंतील ग्रोईएल या प्रथिनाचे जवळचे नातलग असल्यामुळे आमच्याकडे ई. कोलाय या जिवाणूच्या अर्कातही बँड आला. ई. कोलायमध्ये प्रथिने तयार करून घेणाऱ्यांनी नुसत्या अर्काची एक लेन शेजारी ठेवावी.

खरी तक्रार पुरवठादाराविषयी आहे. भर मे महिन्यात, शुक्रवारी पुण्याहून निघालेला थर्माकोलचा डबा सोमवारी दुपारी आमच्या हाती पडला, तेव्हा आतल्या जेलच्या पिशव्या कोमट झाल्या होत्या. फोनवर उत्तर मिळाले, "सर, वापरून तर बघा, काही होत नाही." ५० टक्के ग्लिसरॉलमुळे असेल किंवा नशिबाने, अँटिबॉडी टिकली, परंतु बदली कुपी देण्याची तयारी त्यांनी शेवटपर्यंत दाखवली नाही. पुढची कुपी याच कंपनीची, पण दुसऱ्या विक्रेत्याकडून मागवली आहे आणि माल सोमवारीच निघेल, ही अट मागणीपत्रावर लिहून घेतली आहे.